इड्रिस प्रॉबर्टची पांढरी गाडी

आधी साधं पाणी. मग साबण. मग पुन्हा पाणी.
एवढ्यावर भागलं असतं तर
माझ्या दुकानाचं शटर कधीच खाली आलं असतं.

डोळ्यांना गाडी स्वच्छ दिसते.
म्हणून हातात पातळ पिशवी घालायची, सँडविचची,
आणि बॉनेटवरून तळवा फिरवायचा.
उघड्या हाताला जे कळत नाही
ते प्लास्टिकआडून बोटांना ऐकू येतं:
खर, खर. ओट्यावर रवा सांडल्यासारखं.

"लोखंड आहे ते," म्हातारा म्हणाला, उलट्या बादलीवर बसून.
जसं काही मला ठाऊक नव्हतं.
वेल्सच्या या किनाऱ्यावर पोरांना
दात येण्याआधी तोंडात लोखंड येतं.

मेरेरिद त्याला आणि गाडीला
दोघांना माझ्याकडे सोडून कामाला गेली.
शनिवारी स्वान्सीहून गिऱ्हाईक येणार होतं.
त्याचे डोळे गेले, मग परवाना गेला;
भट्टी त्याच्याही आधी.

मी बाटली फवारली. सडक्या अंड्यांचा वास.
"सॉरी," मी म्हणालो.
"याहून वाईट हुंगलंय," तो म्हणाला.
पहिलं एक मिनिट काहीच होत नाही.
त्या मिनिटात लोक मला लबाड समजतात.
मग पांढऱ्यातून एकेक ठिपका फुटतो
आणि ओघळतो, दारांवरून, चाकांवरून,
पार गटाराच्या जाळीपर्यंत,
कुणीतरी गाडीला जांभळं फेकून मारल्यासारखा.

इड्रिसला ओघळ दिसत नव्हते. विचारत राहिला.
छतावर किती?
खूप.
"ती बुधवारची रात्र. चार नंबर शिंकली होती.
सकाळी अख्ख्या गल्लीच्या चादरी गेरूच्या.
बायको तीन दिवस बोलली नाही,
जशी मीच फुंकर मारली होती."
मग, जरा वेळाने,
"म्हणजे, पाळी माझीच होती."

त्यानंतर मातीची वडी. निळी, हातात मळून मऊ केलेली.
भरपूर पाण्यावर, सरळ रेषेत, अजिबात जोर न लावता;
दाबलं की तोच कण रंगभर ओरखडे काढत फिरतो.
आणि वडी निसटून फरशीवर पडली तर संपली.
धुवायची नाही, पुसायची नाही, थेट केरात,
किती का महाग असेना. एक खडा पुरतो.
हे सांगितलं तेव्हा तो खूप वेळ हसला.
"वरच्या फलाटावर आम्हालाही हाच नियम होता," म्हणाला.
मी पुढे विचारलं नाही.

घडी घालायची, आतली कोरी बाजू वर काढायची,
पुन्हा घासायचं. दर घडीत नारिंगी कण.
दुपारपर्यंत वडी
तीळ लावलेल्या पोळीसारखी झाली.

आमच्या गल्लीत आता धुणं दिवसभर दोरीवर असतं
आणि पांढरं ते पांढरंच उतरतं.
त्याबद्दल कुणी बोलत नाही.
मी अजून सकाळी
खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवतो.
बोट कोरं येतं. तरी पँटला पुसतो.

पैसे द्यायला त्याने पाकीट काढलं
आणि त्यातून चार घड्यांचं एक कूपन.
धूळ फार पडली की कंपनी घरोघर वाटायची:
एक वेळ गाडी धुऊन मिळेल.
कंपनीचं फाटकसुद्धा आता साखळीत आहे.
पण कूपनवर मुदत छापलेली नव्हती.
"चालतं का?"
मी ते उजेडात धरलं, मोठ्या नोटेसारखं.
"चालतं."

मग तो उठला, भिंत चाचपत. पिशवी मागितली.
हातात चढवली आणि गाडीभोवती
एक पूर्ण फेरी घातली, सावकाश,
बुजलेल्या घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा पंजा ठेवून.
डावं मागचं दार. पार खाली. तिथे थांबला.
"एक राहिलाय, पोरा."

मी गुडघ्यावर बसून पाहिलं.
राहिला होता.